‘व’च्या पोटातला ठिपका

मी आयुष्यात जे काही केलं त्यातली सगळ्यांत जास्त लोकांनी वापरलेली गोष्ट नऊ किलोबाइटची आहे. सकाळी सकाळी गटावर कुणी ‘शुभ सकाळ’ लिहिलेला गुलाब पाठवतं, त्या एका गुलाबात माझी ही कामगिरी कैक वेळा मावेल. तरीही तिच्यापायी मी भर मासळी बाजारात भांडले, एका कंपनीला तीन पत्रं लिहिली आणि शेवटी एका म्हाताऱ्या माणसासमोर खाली मान घालून बसले. ते कसं झालं ते सांगते.

पुण्यात बारा वर्षं मी छोट्या चिपांसाठी प्रोग्राम लिहायचे. मग आचऱ्याला परत आले. आई एकटी पडली म्हणून आले आणि नोकरीला कंटाळले म्हणूनही आले. लोकांना मी पहिलं कारण सांगते. इथेही तेच काम करते. कुणाच्या पंपाचा पॅनल, कुणाच्या कोळंबीच्या तळ्यातला हवेचा पंखा, असलं काहीबाही. वाडीत माझी ओळख ‘ता पंपाचा कायतरी करता ती’ अशी आहे आणि ती पुण्यातल्या हुद्द्यापेक्षा पुष्कळ अचूक आहे.

मालवणच्या एका बर्फाच्या कारखान्याने मला बोलावलं. त्यांच्या पॅनलवर बिघाड झाला की इंग्रजीत काहीतरी अक्षरं आणि एक आकडा यायचा. कामगार तो वाचत नसत. लाल दिवा लागला की एकमेकांकडे बघत. मालक म्हणाले, हे मराठीत येईल का? मी म्हटलं, का नाही येणार? घरी येऊन बघते तर मराठी अक्षरांचे जे तयार संच मिळत होते ते सगळे संगणकासाठी बनवलेले, अंगाने भरलेले. माझ्या चिपमध्ये जागा केवढी, तर त्यांचा नुसता ‘क’ आणि त्याची बाराखडी आत शिरली असती आणि दार बंद झालं असतं. म्हणजे सोळा ठिपके उंचीची, किडकिडीत, पण लांबून वाचता येतील अशी अक्षरं मलाच बनवणं आलं.

आता माझं स्वतःचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. शाळेतल्या बाईंनी माझ्या वहीवर शेरे मारणंही पुढे सोडून दिलं होतं. मग मला होड्या आठवल्या. आमच्या बंदरावरच्या होड्यांच्या मागच्या फळीवर होडीचं नाव असतं आणि खाली ‘मालवण’. ती अक्षरं लाटांवर हलत असताना किनाऱ्यावरून वाचता येतात. यापेक्षा कडक परीक्षा पास झालेली अक्षरं जगात कुठे मिळणार? तीन रविवार मी जेटीवर जाऊन फोटो काढले आणि घरी बसून त्यांवर चौकटी आखून एकेक अक्षर ठिपक्यांत उतरवलं. जवळजवळ सगळ्या होड्या एकाच हाताने रंगवलेल्या होत्या. आमच्याच वाडीतले मामा. माझे सख्खे कुणी नव्हेत, सगळ्या गावाचेच मामा. त्यांना विचारावं असं माझ्या मनातही आलं नाही. घरच्या माणसाला काय विचारायचं? आणि बंदरावर उघड्यावर उभ्या असलेल्या होडीवरचं अक्षर, ते कुणाच्या मालकीचं असायला?

हे वाक्य मी तेव्हा अगदी आरामात मनात म्हटलं होतं. पुढे ते मला फार महाग पडलं.

बर्फाचा कारखाना मराठीत बोलायला लागला. ‘पाणी कमी’, ‘वीज नाही’, ‘मोटर तापली’. मग मी त्या अक्षरांचा कोड नीट झाडूनपुसून इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुला ठेवला. आमच्या धंद्यात याला लायब्ररी म्हणतात. तिथे पुस्तकं नसतात. आपण पाट्यावर वाटलेलं नारळाचं तयार वाटप समजा, ज्याने त्याने न्यावं आणि आपापल्या कालवणात घालावं. सोबत एक परवाना जोडावा लागतो. मी सगळ्यांत सैल परवाना निवडला. घ्या, बदला, विका, काय वाट्टेल ते करा. अट एकच: प्रत्येक प्रतीबरोबर ही माझ्या नावाची चार ओळींची सूचना ठेवायची. त्याखाली मोठ्या अक्षरांतला एक परिच्छेद असतो, की यातून काही बिघडलं, जळलं, बुडालं तर लिहिणाऱ्याला जबाबदार धरू नये. आमच्याकडे देवळात गाऱ्हाणं घालतात त्यात शेवटी ‘काय चुकला माकला आसात तर’ म्हणून सगळं देवावर सोपवतात, तसाच तो परिच्छेद आहे. फक्त ‘व्हय म्हाराजा’ म्हणायला कुणी नसतं.

आईला हे सगळं समजावलं. तिने भाताचं पातेलं उतरवलं आणि विचारलं, “म्हणजे तू फुकट दिलंस?”

“होय, पण माजा नाव ठेवूक व्हया.”

“फुकट वाढूचा आणि ताटार नाव लिवूचा?”

“आये, ह्या घरातल्या वाटयेवाटयेर तुजा नाव कोरलला आसा,” मी म्हटलं. खरंच होतं ते. आमच्याकडे चमचासुद्धा आईच्या नावाशिवाय नाही.

“ती भांडी परत येवची म्हणान,” आई म्हणाली. “तुजा ता परत येतला?”

मी ताट घेतलं आणि जेवायला बसले.

लायब्ररी हळूहळू पसरली. कुठल्याकुठल्या गावांतून पत्रं यायची. कुणी पिठाच्या गिरणीवर बसवली, कुणी शाळेच्या घंटेवर. दूर परदेशातल्या एका गृहस्थाने, ज्याला देवनागरीचं एक अक्षर वाचता येत नव्हतं, सगळे ठिपके तपासून फार अदबीने लिहिलं की ‘व’च्या पोटात एक ठिपका चुकून राहिलेला दिसतो. मी पाहिलं, खरंच होता. फोटोत खिळ्याचा गंज आला असेल किंवा पाण्याचा थेंब, असं मला वाटलं. मी तो काढला, गृहस्थाचे आभार मानले आणि परवान्याच्या फाइलशेजारी हातभार लावणाऱ्यांची जी यादी असते तिच्यात त्याचं नाव सन्मानाने घातलं. कामाच्या बाबतीत मी काटेकोर आहे.

पुढच्या वर्षी एका सकाळी मालवणच्या बाजारात बांगडे घ्यायला गेले. माझ्या नेहमीच्या मावशीने नवीन काटा घेतला होता, वर छोटा निळा पडदा असलेला. तिने बांगडे टाकले आणि पडद्यावर उमटलं: ‘वजन’. मी बघतच राहिले. तो ‘ज’ माझा होता. त्याची शेपटी सोळा ठिपक्यांत बसेना म्हणून मी ती जराशी मुडपली होती. असला लंगडा ‘ज’ दुसरं कुणी काढणं शक्यच नव्हतं. पहिल्यांदा मला आनंदच झाला, खोटं कशाला बोलू. मग मी सूचना शोधायला लागले. काट्याच्या पुढे नाही, बाजूला नाही.

“मावशे, जरा काटो उलटो कर बगया,” मी म्हटलं.

बाजारात हे वाक्य बोलायचं नसतं. मावशीचा हात थांबला. “कित्याक?”

“खालसून काय लिवलला आसा ता बगूचा आसा.”

“माजो काटो खोटो आसा म्हणतंस?”

तिने हे एवढ्या मोठ्यांदा विचारलं की पलीकडची सुरमई कापायची थांबली. मी सांगायला लागले की काटा बरोबर आहे, वजनाबद्दल माझी तक्रारच नाही, माझी तक्रार परवान्याची आहे. ‘परवाना’ शब्दाने तर आगीत तेल पडलं. “परवानो? माज्याकडे सगळे कागद आसत!” तिने टोपलीखालून प्लॅस्टिकच्या पिशवीतले कागद काढले. बघे जमले. एकाने मला विचारलं, तुम्ही वजनमाप खात्यातल्या काय? शेवटी मीच काटा उलटा केला, बांगडे पाटीत ओतले गेले, आणि खाली कंपनीचं नाव, घाटावरचा पत्ता आणि ‘सर्व हक्क राखीव’ एवढंच होतं. डबा, पुस्तिका, सगळं तपासलं. माझं नाव कुठेच नव्हतं.

“ह्या ‘वजन’ मी लिवलंय,” मी मावशीला सांगितलं. “त्यांनी माजा नाव काढल्यानी.”

तिने कागद पिशवीत परत घातले. आता तिचा राग गेला होता आणि त्याजागी काळजी आली होती. “बाये,” ती म्हणाली, “मासो मी इकतंय. माजा नाव खंय आसा काट्यार?”

घरी येईपर्यंत मी मनात कंपनीला लिहायचं पत्र तयार केलं होतं. पहिलं पत्र सभ्य होतं. दुसरं कमी सभ्य. तिसऱ्यात मी लिहिलं की दुसऱ्याची मेहनत उचलून तिच्यावरचं नाव पुसणं याला आमच्या भागात एक साधा शब्द आहे आणि तो मी इथे लिहीत नाही. खोटं सांगत नाही, मला त्या वाक्याचा फार अभिमान वाटला. मला पैसे नको होते. मला त्या चार ओळी हव्या होत्या. नऊ किलोबाइट का होईना, ते माझ्या हातचं होतं आणि ते माझ्या हातचं आहे एवढं कुठेतरी लिहिलेलं राहावं, यासाठी माझा जीव तुटत होता. आई म्हणाली, अंगाक लावन घेव नको. मी घेतलं.

तिसऱ्या पत्राला उत्तर आलं. फार गोड मराठीत. ‘आपल्या पत्राची गांभीर्याने नोंद घेतली आहे. सदर अक्षरांचे मूळ रेखाटन आपलेच असल्याबद्दलचा पुरावा पाठविल्यास पुढील कार्यवाही करणे सोयीचे होईल.’

मूळ रेखाटन. मला वाटलं, त्यात काय? फोटो आहेतच. मामांकडून एक कागद लिहून घ्यावा, की होड्यांवरून अक्षरं घ्यायला त्यांची हरकत नव्हती. परवानगी आधी घ्यायची राहिली होती, ती आता मागच्या तारखेने घेऊ. घरचाच माणूस. मी कागद छापला, खाली सहीसाठी रेघ ओढली आणि मामांच्या घरी गेले.

मामा पडवीत बसले होते. हात थरथरायला लागल्यापासून त्यांनी रंगकाम सोडलं होतं हे मला माहीत होतं, पण ते एवढे थरथरत असतील असं वाटलं नव्हतं. पाण्याचा तांब्या ते दोन्ही हातांनी धरत होते. मी विचारलं, आता होड्या कोण रंगवतं? ते म्हणाले, “कोण नाय. आता स्टिकर. फायबरच्या होडयेर रंग धरता खंय? माजी शेवटची होडी मे म्हयन्यात मोडून टाकल्यानी.” हे त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. विचारलं म्हणून सांगितलं.

मग मी माझी तक्रार सुरू केली, सुरात. कंपनी, काटा, परवाना, चार ओळी. मामा लक्ष देऊन ऐकत होते. माझं संपल्यावर त्यांनी विचारलं, “तुजी अक्षरा त्यांनी घेतल्यानी?”

“होय.”

“तू कदी शिकलंस लिवक?”

त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मी म्हटलं, “म्हणजे... तशी तुमचीच, मामा. होडयेवरची. मी ती बारीक केलंय.” आणि ते वाक्य तोंडातून बाहेर पडतानाच मला ते नीटसं वाटलं नाही.

मामा खुलले. “दाकव बगया!”

पिशवीत चाचणीचा छोटा पडदा असतोच. तो जोडून मी ‘मालवण’ उमटवलं. कुठलाही पडदा तपासायचा तर मी नेहमी तेच लिहिते. मामांनी चष्मा लावला, पडदा अगदी नाकाजवळ नेला. “ह्यो ‘ण’ माजोच,” ते म्हणाले. “ह्यो ‘ल’ बग, पाय कसो टाकलो हा. माजोच.” मग त्यांचं बोट त्या दोहोंमधल्या अक्षरावर आलं आणि थांबलं. चष्मा काढून पुसून त्यांनी पुन्हा पाहिलं.

“ठिपको खंय गेलो?”

“कसलो ठिपको?”

“‘व’च्या पोटातलो. कोणी पुसलो?”

मला क्षणभर कळलं नाही, आणि मग एकदम कळलं. मामा आपल्या नादात सांगत होते. होडी मालकाची, तिच्यावरचं नाव देवाचं नाहीतर मालकाच्या आईचं. तिथे रंगवणाऱ्याने आपलं नाव घालायचं नसतं. आपलं नाव दुसऱ्याच्या होडीवर बसून दर्यात गेलं तर ते बरं नव्हे. पण हात कुणाचा हे होडीला माहीत असावं. “माज्या बापाशीन शिकवल्यान. सगळा लिवन झाला काय करंगळी रंगात बुडवची आणि ‘मालवण’च्या ‘व’त टेकवची. ‘व’ सगळ्या होडयांक असताच. मगे होडी पाण्यात.” त्यांनी करंगळी वर करून दाखवली. 

माझ्या मांडीवर तो कागद होता. ‘सदर अक्षरे अर्जदाराने माझ्या संमतीने रेखाटली असून...’ मामांनी हात पुढे केला. “दी हय. सही करूची होती मां?”

“नको मामा,” मी म्हटलं. “कागद चुकीचो झालो.”

मला लाज वाटली. घाटावरच्या कुणा कारकुनाने माझ्या चार ओळी गाळल्या तर मी बाजार डोक्यावर घेतला होता. आणि मी स्वतः काय केलं होतं, तर या माणसाची अख्खी बाराखडी उचलली, त्याची जेवढी म्हणून खूण होती तेवढीच नेमकी चूक समजून काढली, आणि ती दाखवून देणाऱ्या परक्या माणसाचं नाव सन्मानाने यादीत घातलं. यादीत मामा नव्हते. होड्या मोडल्या होत्या. त्यांचा ठिपका जगात फक्त माझ्याकडे उरला असता, आणि मी तो पुसला होता.

घरी येऊन जुने फोटो उघडले. ठिपका प्रत्येक होडीवर होता. कुठे जरा वर, कुठे डावीकडे. मोठा करून पाहिला तर गोलही नव्हता, बोटाच्या टोकासारखा लांबट होता. इतके दिवस मी त्याला गंज समजत होते. मी तो परत घातला, परवान्यात माझ्या नावाच्या वर मामांचं नाव लिहिलं आणि नवी आवृत्ती खुली केली. परदेशी गृहस्थाचं चारच दिवसांत अदबशीर पत्र आलं, की तो ठिपका पुन्हा आलेला दिसतो. मी उत्तर दिलं की तो चुकून आलेला नाही, तो माझ्याआधीपासून तिथे आहे. कंपनीला मात्र मी काही लिहिलं नाही. त्यांनी पुरावा मागितला होता. पुरावा माझ्याकडे होता, पण तो माझ्या बाजूने नव्हता.

पावसाचा जोर ओसरला, नारळी पुनव झाली, होड्या पुन्हा पाण्यात गेल्या. खाऱ्या पाण्यात काटा एक हंगाम टिकला तर नशीब, त्यामुळे मावशीकडे पुन्हा नवा काटा आला. त्याच कंपनीचा. मला लांबून बघताच तिने हाक मारली. “गो, हय ये! आता बग काटो उलटो करून. ह्यात खरीच खोट आसा. पडद्यार डाग आसा, पुसून जायना.”

मी वाकून पाहिलं. ‘वजन’. ‘व’च्या पोटात एक ठिपका.

कंपनीने गुपचूप माझी नवी आवृत्ती घेतली होती. काटा उलटा केला. या वेळी मावशीने स्वतःच करून दिला. खाली कंपनीचं नाव, घाटावरचा पत्ता, ‘सर्व हक्क राखीव’. मामांचं नाव नाही, माझंही नाही. दोन्ही नावं त्यांनी गाळली होती. ठिपका गाळायचा असतो हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी मामांना रिक्षाने घेऊन आले. मावशीला म्हटलं, काटो लाव. तिने चार बांगडे टाकले, पडदा उजळला. मामा काट्यापुढे ओणवे झाले, त्यांनी चष्मा सावरला. मग त्यांनी हळूच करंगळी पुढे केली आणि पडद्यावर, ‘व’च्या पोटात टेकवली. हात थरथरत होता, काटा त्यांच्या हाताखाली हलत होता, आणि खालचे आकडे वर-खाली व्हायला लागले.

“मामा, बोट काढा, वजन चुकता,” मावशी म्हणाली. मग तिला वाटलं, म्हातारा पडदा पुसतोय. “तो डाग जायना वो. मी दोनदा पदरान पुसून बगलंय.”

“जावचो नाय,” मामा म्हणाले.